खाटेशेजारची खुर्ची

अमेरिकेत डॅलस शहरातल्या डॉक्टरांवर त्यांना पत्ता लागू न देता एक प्रयोग केला गेला. डॉक्टर राउंडला यायच्या आधी काही पेशंटच्या खोलीतली खुर्ची खाटेपासून तीन फुटांच्या आत, पेशंटकडे तोंड करून ठेवायची. बाकीच्यांच्या खोलीत ती जिथे असते तिथेच राहू द्यायची. डॉक्टरांसमोर खुर्चीचं नाव कोणी काढलं नाही. एकूण 125 भेटी टिपल्या गेल्या. खुर्ची जवळ होती तिथे 60 पैकी 38 भेटींत डॉक्टर बसले. ती नेहमीच्या जागी होती तिथे 65 पैकी फक्त 5 भेटींत. जवळ खुर्ची असलेले पेशंट डॉक्टरांवर अधिक खूश होते. आणि वेळ? दोन्हीकडे सरासरी 10.6 मिनिटं. म्हणजे बसल्यामुळे कुणाचाही राउंड लांबला नाही. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने 2023 साली हा अभ्यास छापला.

या प्रयोगात मला सगळ्यात जास्त रस आहे तो त्या 5 आणि 38 या आकड्यांमध्ये. डॉक्टर त्याच रुग्णालयातले, शिक्षण तेच, कामाचा ताण तोच. खुर्ची चार पावलं इकडे सरकवली आणि वागणं बदललं.

आपल्याकडे रुग्णालयातून घरी आलेल्या माणसाला भेटायला गेलं की ऑपरेशनची हकिगत दोन मिनिटांत संपते आणि मग डॉक्टरांची सुरू होते. “रोज संध्याकाळी घरी जाताना डोकावून जायचे.” “आमच्या हिला विचारायचे, तुम्ही जेवलात का म्हणून.” किंवा याच्या उलट: “आठ दिवसांत एकदा मान वर करून बघितलं नाही, नुसती फाइल चाळायचे.” पहिले डॉक्टर देवमाणूस ठरतात. दुसऱ्यांना ‘हाताला यश आहे, पण बोलायला तुटक’ असं म्हणून आपण सोडून देतो. दोन्ही निकाल स्वभावावर लागतात. चांगला डॉक्टर भेटणं हे नशीब, आणि न भेटणंही नशीबच. यात स्वभावाचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी आहे, असं माझं मत आहे. पेशंट ज्याला ‘डॉक्टरांनी लक्ष दिलं’ म्हणतो, त्याच्या आत साध्यासुध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या कृती असतात. त्या मोजता येतात, शिकवता येतात, आणि रुग्णालयाची घडी कशी बसवली आहे यावर त्या घडणं न घडणं अवलंबून असतं.

एखाद्या मोठ्या सरकारी रुग्णालयातला सकाळचा राउंड डोळ्यांसमोर आणा. राउंडची वेळ झाली की नातेवाइकांना बाहेर काढलं जातं, सिस्टर चादरी नीट करायला लावतात, खाटेखालच्या पिशव्या आत ढकलल्या जातात. मग ताफा येतो. पुढे युनिटचे प्रमुख, मागे लेक्चरर, रजिस्ट्रार, हाउसमन आणि शेवटी रिपोर्टांची चळत सांभाळणारा इंटर्न. रजिस्ट्रार घडाघडा सांगतो, “सर, चौदा नंबर, पोस्ट-ऑप डे थ्री, अफेब्राइल, ड्रेन फिफ्टी.” सर फाइल बघतात, पोटाला हात लावतात, म्हणतात, “ड्रेन काढा, लिक्विड्स सुरू करा.” ताफा पंधरा नंबरकडे सरकतो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने यात काहीही चुकलेलं नाही. ताप नाही, नळीतून येणारा स्राव कमी झालाय, निर्णय योग्य आहे. चौदा नंबरवरच्या आजींना मात्र एवढंच कळलेलं असतं की आपल्याबद्दल काहीतरी बोलणं झालं. नळी काढणार म्हणजे आपलं बरं आहे की बिघडलंय? ‘लिक्विड’मध्ये चहा बसतो का? हे सगळं त्या नंतर झाडू मारायला आलेल्या मावशींना विचारतात. मावशी आपल्या अनुभवाने जे सांगतात, त्यावर पुढचा दिवस निघतो.

कधी असं होतं की ताफा पुढे गेल्यावर हाउसमन क्षणभर मागे राहतो आणि म्हणतो, “आजी, छान चाललंय तुमचं. पोटातली नळी दुपारी काढू. मिनिटभर ओढल्यासारखं वाटेल, घाबरायचं नाही. संध्याकाळी अर्धा कप चहा घ्या, बिस्किट मात्र उद्या.” पंधरा सेकंदांचं काम. संध्याकाळी मुलगा डबा घेऊन आला की आजी त्याला हेच पंधरा सेकंद सांगणार आहेत. प्रमुखांचं नाव केसपेपरवर असेल, आजींच्या लेखी डॉक्टर म्हणजे ‘तो चष्मेवाला पोरगा’.

हे काही आपल्याच देशाचं किंवा आपल्याच काळाचं दुखणं नाही. बोस्टन सिटी हॉस्पिटलमधले डॉ. फ्रान्सिस पीबॉडी यांनी 1926 साली हार्वर्डच्या विद्यार्थ्यांपुढे जे व्याख्यान दिलं, ते याच विषयावर होतं. तेव्हा प्रयोगशाळा आणि क्ष-किरण नुकते रुग्णालयांत रुळत होते आणि पीबॉडी स्वतः संशोधक होते, त्यामुळे विज्ञानाला नाकं मुरडण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांची तक्रार अशी, की रुग्णालयात माणसाचे कपडे जातात, घरचे जातात, दिनक्रम जातो, आणि शेवटी उरतं ते रोगाचं नाव आणि खाटेची जागा. घरी पेशंट बघणाऱ्या डॉक्टरला जी माहिती आपोआप मिळते, ती रुग्णालयातल्या डॉक्टरला मुद्दाम मिळवावी लागते, असं ते सांगत होते. व्याख्यानानंतर वर्षभरातच, पंचेचाळिसाव्या वर्षी, पीबॉडी कर्करोगाने गेले. त्यांचं ते भाषण पुढच्या वर्षी छापून आलं आणि वैद्यकीय शिक्षणात अजूनही वाचलं जातं. वाचलं जातं, एवढंच म्हणता येईल.

नावाची गोष्ट घ्या. शिकागो विद्यापीठाच्या रुग्णालयात भरती असलेल्या 2807 पेशंटना विचारलं गेलं, तुमच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं नाव काय? शंभरातल्या पंचाहत्तर जणांना एकही नाव सांगता आलं नाही. उरलेल्यांनी नाव सांगितलं, पण त्यातही निम्म्याहून जास्त जणांचं उत्तर चुकलं. हा अभ्यास 2009 सालचा. ज्याचं नाव माहीत नाही त्याला प्रश्न विचारता येत नाही, आणि रात्री दुखायला लागलं तर कुणाला बोलवा म्हणायचं हेही कळत नाही.

ब्रिटनमधल्या डॉ. केट ग्रँजर यांना हे दोन्ही बाजूंनी कळलं. त्या वृद्धांच्या आजारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर. तिशीच्या आत दुर्मीळ कर्करोग झाला आणि ऑगस्ट 2013 मध्ये जंतुसंसर्गामुळे रुग्णालयात भरती व्हावं लागलं. खाटेवर पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात आलं, की येणारे-जाणारे बहुतेकजण स्वतःचं नावच सांगत नाहीत. जे सांगायचे, त्यांच्याजवळ मन लगेच मोकळं व्हायचं. त्यातून त्यांनी ‘नमस्कार, माझं नाव अमुक’ एवढ्याच आशयाची मोहीम सुरू केली. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत लाखो कर्मचाऱ्यांच्या छातीवर तसे बिल्ले लागले. केट ग्रँजर 2016 मध्ये वारल्या. मोहिमेला पैसे लागले नाहीत, यंत्र लागलं नाही, नवा कायदाही लागला नाही. तरी ती एका डॉक्टरला स्वतः पेशंट झाल्यावरच सुचावी, यात जे काय समजायचं ते समजावं.

आता ऐकून घेण्याकडे येऊ. डॉक्टरांची नेहमीची धास्ती अशी, की पेशंटला बोलू दिलं तर तो थांबणार नाही. मामेभावाच्या लग्नापासून सुरुवात करून पोटदुखीपर्यंत पोचायला अर्धा तास लावेल. ही धास्ती खरी की खोटी, हे घड्याळ लावून तपासलं गेलंय. अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी 1984 मध्ये 74 भेटींचं ध्वनिमुद्रण अभ्यासलं, तेव्हा डॉक्टर सरासरी अठराव्या सेकंदाला पेशंटला मधे तोडत होते. पुढे 1999 मध्ये तसाच अभ्यास झाला, तेव्हा आकडा 23 सेकंदांवर आला होता. पंधरा वर्षांची प्रगती म्हणजे पाच सेकंद.

मग तोडलं नाही तर काय होतं? स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या रुग्णालयात डॉक्टरांना सांगितलं, की पेशंट आपणहून थांबेपर्यंत गप्प बसा, आणि गुपचूप वेळ मोजली. एकूण 335 पेशंट. सरासरी बोलणं 92 सेकंद. दर पाचातले जवळजवळ चार जण दोन मिनिटांच्या आत थांबले. पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलले ते सगळे मिळून सात, आणि त्यांचंही बोलणं ऐकण्यासारखंच होतं असं डॉक्टरांचं मत पडलं. स्विस माणूस मितभाषी असेल आणि आपला कोल्हापूरचा काका नसेल, हे मान्य. दुप्पट वेळ धरा. तरी तीन मिनिटांच्या आसपासच भरते.

पेशंटचं पहिलं वाक्य सहसा सर्वांत महत्त्वाचं नसतं, हे अनुभवी डॉक्टर सांगतात. माणूस ‘ॲसिडिटी’पासून सुरुवात करतो, कारण ती सांगायला सोपी. चालताना छातीत भरून येतं हे तिसऱ्या वाक्यात येतं, आणि “वडील असेच गेले” हे पाचव्यात. अठराव्या सेकंदाला ‘जेवणाआधी होतं की नंतर?’ असा प्रश्न पडला, तर बोलणं ॲसिडिटीच्या रुळावर जातं आणि तिथेच राहतं. तेव्हा ऐकून घेणं हा शिष्टाचार नाही, तो निदानाचा भाग आहे.

त्याचप्रमाणे सांगणं हा उपचाराचा भाग आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले भूलतज्ज्ञ डॉ. लॉरेन्स एग्बर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी 1964 मध्ये छापलेला एक अभ्यास त्यासाठी मुद्दाम सांगावासा वाटतो. पोटाच्या शस्त्रक्रियेचे 97 पेशंट होते. सगळ्यांना आदल्या रात्री भूलतज्ज्ञ भेटून गेले. त्यातल्या साधारण निम्म्यांशी मात्र त्यांनी वेगळं बोलणं केलं. ऑपरेशननंतर दुखणार आहे, कुठे दुखेल, किती दिवस दुखेल हे आधीच सांगितलं. टाक्यांच्या भोवतीचे स्नायू आखडतात म्हणून हे दुखतं, ते सैल कसे सोडायचे, कुशीवर वळताना हातापायांचा आधार कसा घ्यायचा, श्वास खोल कसा घ्यायचा हे शिकवलं. खाटेवर उठायला आधार म्हणून वर दांडी टांगून दिली. फारच दुखलं तर औषध आहेच, मागून घ्या, असंही बजावलं. शस्त्रक्रियेनंतरही ते येऊन याची उजळणी करून गेले. कोणत्या पेशंटशी असं बोलणं झालंय, हे सर्जनना ठाऊक नव्हतं.

ज्यांना समजावून सांगितलं होतं, त्यांना वेदनाशामक अफूजन्य औषध जवळजवळ निम्मं पुरलं. आणि काही माहीत नसलेल्या सर्जननी त्यांना सरासरी 2.7 दिवस आधी घरी सोडलं.

याचं कारण गूढ नाही. दुखणं म्हणजे जखमेतून निघालेला संदेश मेंदूत जसाच्या तसा पोचणं नव्हे. भीती, अनिश्चितता आणि जागरण यांनी तो संदेश मोठा होतो. आपलं काय चाललंय हे कळत नसलं की शरीर सावधगिरीच्या पवित्र्यात राहतं, नाडी वाढते, पोटाचे स्नायू ताठ होतात, ताठ झाले की टाके आणखी ओढतात. तिसऱ्या दिवशी दुखतंय ते टाके भरत असल्यामुळे, की आत काही फाटलंय म्हणून? आधी सांगितलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. न सांगितलेला माणूस रात्रभर याच प्रश्नाशी झुंजतो आणि इंजेक्शन मागतो. एग्बर्ट यांच्या पेशंटना वेगळं औषध मिळालं नव्हतं, भाकीत मिळालं होतं, आणि ते खरं ठरलं होतं. डॉक्टरवरचा विश्वास बहुधा असाच तयार होतो: त्याने सांगितलं तसं झालं.

आता महाडकडे. लक्ष देण्याचा अर्थ फक्त गोड बोलणं असा कुणाचा समज झाला असेल, तर त्यावर डॉ. हिंमतराव बावसकर यांचं काम हा रामबाण उतारा आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा हा मुलगा डॉक्टर होऊन 1970च्या दशकात रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. कोकणात लाल विंचू चावून माणसं मरत होती. मुलं जास्त. विंचवाने माणूस मरायचाच, असं गावाने धरून चाललेलं, आणि पुस्तकात उपयोगी पडेल असं काही नव्हतं. बावसकरांनी विंचू चावलेल्या माणसाला इंजेक्शन देऊन पुढच्या पेशंटकडे वळण्याऐवजी त्याच्या उशाशी बसून राहायला सुरुवात केली. रात्र रात्र नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी.

त्या नोंदींतून एक क्रम दिसायला लागला. आधी उलटी, मग दरदरून घाम, हातपाय बर्फासारखे गार, पुरुषांमध्ये लिंगाला ताठरता. ही लक्षणं ज्यांच्यात दिसतात, त्यांचं हृदय पुढच्या काही तासांत संकटात येणार. आधी रक्तदाब खूप चढतो, मग हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं आणि तोंडाला फेस येऊन माणूस जातो. 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांनी या पूर्वसूचक लक्षणांवर लिहिलं. विषामुळे शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात, तर त्या सैल करणारं औषध का देऊ नये, या तर्काने ते प्राझोसिनपर्यंत पोचले. ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी, प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येण्याजोगी. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावसकर यांच्यासह त्यांनी 1986 मध्ये त्याबद्दल ‘लॅन्सेट’मध्येच लिहिलं. गंभीर दंशात पूर्वी शंभरातले चाळीसच्या आसपास दगावायचे. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर हे प्रमाण एकावर आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

बावसकर किती मृदू बोलत होते, याला या गोष्टीत काहीच महत्त्व नाही. ते बसले होते. अंगावरची चादर बाजूला करून तपासत होते, हाताने गार पाय चाचपत होते, आणि दर थोड्या वेळाने पुन्हा तेच करत होते. पेशंटच्या नातेवाइकांच्या दृष्टीने ‘डॉक्टर रात्रभर बसून होते’ हा कृतज्ञतेचा विषय. विज्ञानाच्या दृष्टीने तीच संशोधनाची पद्धत होती.

उलट नुसत्या गोडव्याचं काय होतं, तेही पाहावं. अमेरिकेतल्या सुमारे 52 हजार लोकांच्या माहितीवरून 2012 मध्ये असं दिसलं, की डॉक्टरांवर सर्वाधिक खूश असलेल्यांचा उपचारखर्च जास्त होता, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्यातला मृत्युदरही जास्त होता. खूश केल्यामुळे माणसं मेली, असा याचा अर्थ लावता येत नाही. पण पेशंटने मागितलेलं अँटिबायोटिक, मागितलेलं सलाइन, मागितलेला स्कॅन हसतमुखाने लिहून देणं म्हणजे लक्ष देणं नव्हे, एवढं नक्की कळतं. आपल्याकडच्या चकचकीत रुग्णालयांत दारातच नमस्कार करणारी, नाव लक्षात ठेवणारी, ज्यूस विचारणारी माणसं नेमलेली असतात. त्यांचं काम ती चोख करतात. त्या आदबीला डॉक्टरांचं लक्ष समजू नये. “तुम्हाला सलाइनची गरज नाही, आणि का नाही ते सांगतो” असं म्हणायला जो डॉक्टर खुर्ची ओढून बसतो, तो त्या क्षणी कदाचित पेशंटला आवडणार नाही. तरी लक्ष त्यानेच दिलंय.

इथपर्यंत वाचून एखादे डॉक्टर वैतागून म्हणतील, आमच्या ओपीडीत येऊन बघा. त्यांचं म्हणणं रास्त आहे. जगातल्या 67 देशांतल्या अभ्यासांची 2017 मध्ये एकत्र मांडणी झाली, तेव्हा स्वीडनमध्ये डॉक्टरांच्या एका भेटीची सरासरी साडेबावीस मिनिटं होती, बांगलादेशात 48 सेकंद, आणि आपल्याकडे साधारण दोन मिनिटं. दोन मिनिटांत 92 सेकंद ऐकण्यात गेले तर तपासायचं कधी आणि लिहायचं कधी? शिवाय वॉर्डातला निवासी डॉक्टर छत्तीस तासांच्या ड्यूटीनंतर आजींशी नम्रपणे बोलेल, ही अपेक्षा माणुसकीला धरून नाही. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला 74 तासांची मर्यादा सुचवली. 74 तास ही मर्यादा म्हणून सुचवावी लागते, यावरूनच सध्याचा हिशोब लक्षात यावा.

श्रीमंत देशांत वेळ खाणारं दुसरंच काही आहे. बाल्टिमोरमधल्या दोन मोठ्या रुग्णालयांतल्या इंटर्नच्या मागे निरीक्षक लावले, तेव्हा त्यांच्या वेळेतला 12 टक्के वेळ प्रत्यक्ष पेशंटपाशी जात होता आणि 40 टक्के संगणकापाशी. आपली रुग्णालयंही झपाट्याने संगणकावर चालली आहेत. ते व्हायलाच हवं, हरवलेल्या केसपेपरांचा छळ आपण पुष्कळ सोसलाय. पण संगणक कुठे ठेवायचा, नोंदी कुणी करायच्या, हे खरेदीच्या वेळीच ठरवायला हवं. डॉक्टरची पाठ पेशंटकडे होईल असं टेबल मांडलं, की कितीही चांगल्या स्वभावाचा डॉक्टर पाठच दाखवणार.

आता नातेवाइकांच्या रागाकडे. महाराष्ट्रात डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध 2010 पासून कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. हल्ल्याचं समर्थन कोणत्याही परिस्थितीत होऊ शकत नाही. पण आयसीयूच्या बाहेरच्या बाकांवर तासभर बसून पाहिलं तर एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर पडतं, “कुणी काही सांगतच नाही.” दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या डॉक्टराने बाहेर येऊन पाच मिनिटं बोलायचं, एवढी एक गोष्ट प्रत्येक आयसीयूने लावून घेतली, तर त्या बाकांवरचा ताण किती उतरेल याला प्रयोगाचीही गरज नसावी. अमेरिकेत 1997 मध्ये कधीही कोर्टात खेचल्या न गेलेल्या आणि खेचल्या गेलेल्या डॉक्टरांची तुलना झाली. कुटुंबाचे डॉक्टर म्हणून काम करणाऱ्यांत फरक असे दिसले: न खेचले गेलेले पेशंटला सरासरी सव्वातीन मिनिटं जास्त देत होते, पुढे काय होणार ते आधी सांगत होते, पेशंटचं मत विचारत होते आणि हसत होते. सर्जनच्या बाबतीत मात्र असा फरक आढळला नाही, हेही नोंदवायला हवं.

आपल्याकडे एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग 2019च्या तुकडीपासून सक्तीचा झाला. उशिरा झाला, पण झाला. विद्यार्थी वर्गात वाईट बातमी कशी सांगावी याची तालीम करतात आणि मग वॉर्डात जाऊन सरांचा राउंड बघतात. दोन्हींपैकी जास्त काय शिकवून जातं, हे सांगायला नको. परळच्या केईएममधले सर्जन डॉ. रवी बापट यांचं ‘वॉर्ड नंबर पाच, केईएम’ मराठी वाचकांनी उचलून धरलं, त्यामागे हेही कारण असावं. वॉर्डात डॉक्टर कसा घडतो, याचं कुतूहल वॉर्डाबाहेरच्या माणसांना फार असतं. युनिटचे प्रमुख खाटेशेजारी बसत असतील, तर पुढची तीस वर्षं त्यांचे विद्यार्थी बसतात.

पेशंट म्हणून आपल्या हातात काय आहे? बरंच. राउंडच्या आधी तीन प्रश्न कागदावर लिहून ठेवा, तीनच. ताप का येतोय, आज काय करणार, घरी कधी जाता येईल, अशा धाटणीचे. सगळ्यात जास्त भीती ज्याची वाटते तो प्रश्न पहिला लिहा, शेवटी ठेवला तर तो राहून जातो. “डॉक्टर, आपलं नाव?” हे विचारण्यात अवमान नाही. आणि डॉक्टरांनी सांगून झालं की त्यांना आपल्या शब्दांत परत सांगा: “म्हणजे ही गोळी जेवणानंतर, आणि सूज आली तर लगेच यायचं, बरोबर ना?” खरं तर हे डॉक्टरांनी विचारून घ्यायला हवं, पण सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका अभ्यासात नव्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी फक्त 12 टक्के गोष्टी पेशंटला समजल्या की नाही, हे डॉक्टरांनी तपासलं होतं. तेव्हा पुढाकार आपणच घेतलेला बरा. खोलीत खुर्ची असेल तर त्यावरची पिशवी आणि डबा उचलून ती मोकळी करून ठेवायलाही कुणाची परवानगी लागत नाही.

आणि चांगला डॉक्टर भेटला, तर पेढ्यांच्या बॉक्ससोबत एक पत्रही द्या. तक्रारीचे अर्ज रुग्णालयांच्या कचेऱ्यांत गठ्ठ्याने असतात, कौतुकाचे क्वचित. ‘फार देवमाणूस आहेत’ असं लिहू नका, त्यातून कुणाला काही शिकता येत नाही. तारीख, वॉर्ड, डॉक्टरांचं नाव आणि त्यांनी नेमकं काय केलं ते लिहा: रात्री अकराला येऊन रिपोर्ट समजावला, ड्रेसिंगच्या आधी दुखेल म्हणून सांगितलं, आईला मराठीत लिहून दिलं. पत्र डॉक्टरांच्या हातात न देता अधिष्ठाता किंवा वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने आवक-जावकमध्ये द्या आणि पोच घ्या. सरकारी रुग्णालय असेल तर ते पत्र नोंदवून घ्यावंच लागतं.